पाणी बोलेपर्यंत

बर्फमामाला एका जागी पाच मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने जरूर पुढे यावं. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना हा माणूस "आलोच" म्हणून उठला होता आणि साबण लावलेल्या गालाने आरोग्य केंद्रात जाऊन फ्रिजचा थर्मामीटर बघून आला होता. मेव्हण्याच्या लग्नात फोटोच्या वेळीही तो असाच गायब झाला. त्या फोटोत मामी एकटीच उभी आहे आणि तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली आहे.

"अहो, त्या फ्रिजशीच लग्न लावायचं होतंत," मामी म्हणायची.

"त्याने माझ्यासाठी इतकी वर्षं कळ काढली असती का?" मामा विचारायचा, आणि ती हसायच्या आत चपला घालून बाहेर पडलेला असायचा.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. केंद्रातल्या लसींचा फ्रिज सांभाळायचा. काटा दोन अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आठच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यापुढचं सगळं अवघड होतं, कारण वीज दिवसातून तीन तास यायची, तीही तिच्या मर्जीने, आणि डिझेल मिळणं तर त्याहून मुश्कील. मामा मुळात फ्रिज दुरुस्त करणारा. बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाजारपेठ जळाली, आणि दुकानासकट गिऱ्हाइकांचे चाळीस फ्रिजही गेले. पुढे महिनाभराने केंद्रातली सिस्टर त्याला शोधत घरी आली. फ्रिज बंद पडलाय, एकदा बघून जा म्हणाली. एकदा बघायला म्हणून पाना घेऊन गेलेला माणूस नऊ वर्षं झाली तरी अजून बघतोच आहे.

त्याच्या पायाला भिंगरी कशी लागली तेही सांगायला हवं. लढाईच्या तिसऱ्या वर्षी अकरा दिवस वीज नव्हती. मामाने फ्रिजला गोधड्या गुंडाळल्या, ओल्या चादरी लावल्या, दाराला हात लावणाऱ्याच्या अंगावर तो धावून गेला. बाराव्या दिवशी सिस्टरने दार उघडलं. लसीच्या प्रत्येक बाटलीवर एक बारकासा चौकोन असतो, उष्णता लागली की तो काळवंडतो. नऊशे बाटल्या होत्या आणि नऊशेच्या नऊशे चौकोन काळे पडले होते. केंद्रामागे खड्डा खणून त्या पुरल्या. खड्डा मामानेच खणला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून उकाडा वाढला की तो असेल तिथून उठून काटा बघायला धावायचा.

त्यानंतर दिवस पालटले, हे मान्य केलंच पाहिजे. छपरावर सौर पट्ट्या आल्या, नवा फ्रिज आला, रस्ता निम्मा का होईना पण झाला. सिस्टरच्या खोलीत भिंतीवर एक मोठा कागद होता आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ. शंभरातल्या किती पोरांच्या लसी पूर्ण झाल्या, ते ती रेघ सांगायची. लढाईआधी ऐंशीच्या वर, मग घसरत घसरत तळाला अकरा, आणि गेल्या काही वर्षांत धापा टाकत बासष्टवर. मुख्य कार्यालयाची माणसं गाडीतून उतरली की आधी त्या कागदाचा फोटो काढायची आणि मग प्यायला पाणी मागायची. एकाने तर रेघेशेजारी स्वतः उभं राहून फोटो काढून घेतला होता, जणू ती त्यानेच ढकलत वर नेली होती. पाहुणे परत गेले की मामा छपरावर चढून सौर पट्ट्यांवरची धूळ पुसायला लागायचा.

त्या रेघेत एक ठिकाण धरलेलंच नव्हतं. नदीपलीकडची वसाहत. लढाईत घरं सोडून आलेले लोक तिथे राहिले होते, आणि मधला पूल दोन बाजूंच्या भांडणात बंद होता. मामाची एकुलती एक लेक लग्न होऊन तिकडे गेली आणि सहा महिन्यांत पूल बंद झाला. त्याला आता दोन वर्षं झाली होती. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. फोनवर तिचं नाव ठकी पडलं, कारण रडता रडता मध्येच गप्प होऊन ती सगळ्यांना फसवायची. आजोबाने तिला बघितलं होतं ते फोनच्या तडकलेल्या काचेतून.

अशात निरोप आला की पुढच्या आठवड्यात एक दिवस पूल उघडणार. फक्त केंद्राच्या गाडीसाठी, सकाळी नऊ ते दुपारी दोन.

लेकीने कंबर कसली. वसाहतीत दारोदार फिरून तिने पाच वर्षांखालच्या पोरांची यादी केली आणि फोनवरून सिस्टरला वाचून दाखवली. एकशे अठरा नावं. मध्ये तीनदा फोन तुटला, तिन्ही वेळा तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिकडच्या बायकांचा लसीवर फारसा भरवसा नव्हता. दोन वर्षांत कुणी फिरकलं नाही, आता एकदम कशी माया आली, असं त्यांचं म्हणणं. चटया विणणारी एक थोराड बाई तर सरळ म्हणाली होती, "सुया टोचून निघून जातील. मागे पोर आजारी पडलं तर कुणाला शोधू?" लेकीने तिला सांगितलं, "माझे बाबा डबा घेऊन येणार आहेत. मला शोधा."

हे सगळं कानावर आल्यापासून मामाचा जीव टांगणीला लागला होता. आठ दिवसांत त्याने डबा तीनदा धुतला.

डब्याचीही एक रीत असते. लसी न्यायच्या डब्यात चारी बाजूंना आइसपॅक लावतात, म्हणजे पाणी भरून गोठवलेले चपटे प्लास्टिकचे ठोकळे. ते फ्रीझरमधून काढले की दगडासारखे असतात. तसेच लावले तर शेजारच्या बाटल्या गोठतात, आणि काही लसी एकदा गोठल्या की मेल्या. म्हणून पॅक बाहेर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, आणि थोड्या वेळाने एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाण्याचा आवाज आला की मगच तो डब्यात. बाहेर उकाडा किती त्यावर अर्धा तास लागतो, कधी पाऊण. "पाणी बोलल्याशिवाय डबा बंद नाही," हे मामाचं वाक्य केंद्रातल्या प्रत्येक नव्या नर्सला पाठ करावं लागे. गोठून वाया गेलेली एक बाटली लाल दोरा बांधून तो कायम शर्टाच्या खिशात ठेवायचा, शिकवताना दाखवायला. मामी कपडे धुताना ती न चुकता काढून ठेवायची.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला मामा केंद्रात पोचला, तेवढ्यात सिस्टर खोलीतून जवळजवळ पळतच बाहेर आली.

"मामा, वेळ बदलली. पूल साडेसातला उघडतोय आणि बाराला बंद. आत्ता निघालो तरच."

"पॅक अजून आत आहेत."

"मग काढा ना."

बाहेर गाडीचा हॉर्न सुरू झाला. गाडी चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि त्याचा हात एकदा हॉर्नवर गेला की तिथेच राहायचा. सकाळची वेळ असूनही ऊन चटके देत होतं. मामाने फ्रीझर उघडला. पॅक दगडासारखे होते. त्याने एक कानाशी नेऊन हलवला आणि आत काही वाजलं नाही. डोळ्यांपुढे नऊशे काळे चौकोन आले. पुलावर थांबवलं तर, गाडी बंद पडली तर, उन्हात चार तास गेले तर. त्याने पॅक तसेच्या तसे डब्यात लावले. जीव राहीना म्हणून वरून आणखी दोन ठेवले आणि झाकण आवळलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने पाण्याचा आवाज न ऐकता डबा बंद केला, आणि तोही गार राहावा म्हणून.

रस्त्यात त्याला चैन पडेना. डबा मांडीवर, हात झाकणावर.

"उस्ताद, जरा जोरात घे."

थोड्या वेळाने, "जरा हळू. डबा आदळतोय."

"मामा, एकदा काय ते ठरवा," उस्ताद म्हणाला. "गाडीला पाय माझाच आहे, पण डोकं तुमचं चालतंय."

सिस्टर हसली. मामा हसला नाही. एवढं ऊन आहे, वाटेत सुटतील पॅक, असं तो स्वतःला समजावत होता, आणि स्वतःच्याच समजावण्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

पुलाच्या चौकीवर तासभर गेला. कागद बघितले, पुन्हा बघितले, फोन झाले. एका सैनिकाने डबा उघडायला सांगितलं. मामा डब्यावर ओणवा झाला.

"उघडणार नाही. आत पोरांच्या लसी आहेत, गरम हवा शिरते."

"आत काय आहे मला काय माहीत?"

"मला गोळी घाल, पण झाकण उघडू नकोस."

सैनिक पोरगेलासा होता. तो कंटाळला आणि जा म्हणाला. मामाला आपण जिंकलो असं वाटलं. त्या पोराने त्याच वेळी डबा उघडायला लावला असता तर निम्म्या बाटल्या कदाचित वाचल्या असत्या. हे गणित मामाने पुढे कितीतरी वेळा मांडलं.

वसाहतीतल्या शाळेला भिंती होत्या आणि व्हरांड्यापुरतं छप्पर. व्हरांड्यापासून पार नळापर्यंत बायका उभ्या होत्या. काही जणी उजाडायच्या आधीपासून. सगळ्यांत पुढे लेक, कडेवर ठकी. यादी करणारीनेच पहिली सुई घ्यायची असं ठरलं होतं, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.

दोन वर्षांनी बाप-लेक समोरासमोर आले. "वाळलात बाबा," एवढंच ती म्हणाली आणि ठकीला त्याच्या हातात दिलं. ठकीने आजोबाकडे रोखून बघितलं आणि त्याचा चष्मा ओढला. मामाला रडू यायला लागलं, म्हणून त्याने पोरीला परत दिलं आणि डब्याकडे वळला.

झाकण उघडलं. आतल्या थर्मामीटरचा काटा शून्याच्या खाली तीनवर होता.

सिस्टर पाठमोरी होती, टेबलावर सुया मांडत होती. उस्ताद पोरांना रांगेत सरकवत होता. काटा फक्त मामाला दिसत होता. झाकण उघडं होतं, गरम हवा आत शिरत होती, आणि काटा हलायला लागला. उणे दोन. उणे एक. शून्य. मामा नुसता बघत उभा राहिला. बाटल्यांवरचे चौकोन पांढरेशुभ्र होते. उष्णता लागली की चौकोन सांगतो, थंडीबद्दल तो काहीच सांगत नाही. एक. दोन.

"किती आहे मामा?" सिस्टरने न वळता विचारलं.

काटा तीनवर आला होता.

"तीन," मामा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्याने वहीतही तीन लिहिलं, आणि लिहिताना हात कापला नाही, याची त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली. डोक्यात नुसती घाई होती. सगळ्याच गोठल्या नसतील. कुणाला कळणार आहे? बारा वाजता पूल बंद, पुन्हा कधी उघडेल देव जाणे. एकशे अठरा पोरं आणि लेकीचा शब्द.

सिस्टरने पहिली बाटली उचलली. पेंटाची होती ती, पाच रोगांवरची एकच लस, लहानग्यांना मुख्य तीच. तिने सुईत औषध ओढलं. लेकीने ठकीचं झबलं वर केलं. मांडीवर वळ्या पडलेल्या होत्या.

"थांबा," मामा म्हणाला.

सिस्टरने वर बघितलं.

"पॅक कच्चे लावलेत मी. घाम फुटला नव्हता. उघडला तेव्हा काटा उणे तीनवर होता."

"तुम्ही तीन म्हणालात."

"नंतर तीन झाला."

सिस्टर चिडली असती तर मामाला सोपं गेलं असतं. तिने सुई खाली ठेवली आणि हात पुढे केला. "द्या तुमची खिशातली बाटली."

लाल दोऱ्याची बाटली आणि डब्यातली बाटली तिने एकत्र धरून खळखळ हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चांगली लस हलवली की बराच वेळ एकसारखी पांढुरकी राहते. गोठून गेलेलीत कण सुटतात आणि भराभर तळाला बसतात. निकाल कळायला अर्धा तास लागतो. आधीच वेळ कमी, त्यात हा अर्धा तास. टेबलापाशी गर्दी जमली. काय चाललंय ते सिस्टरने सांगितलं, पॅकमधलं पाणी आधी बोलायला हवं होतं इथपासून, लपवलं काहीच नाही. दीडशे माणसं दोन बाटल्यांकडे बघत उभी होती, आणि मामा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता.

दोन्ही बाटल्यांत साका सारख्याच वेगाने खाली बसला. सिस्टरने डब्याच्या मधल्या दोन बाटल्या घेऊन पुन्हा बघितलं. त्याही गेल्या होत्या.

"गोवराची लस आणि पोलिओचे थेंब थंडीने बिघडत नाहीत," सिस्टर मोठ्याने म्हणाली. "ते आज देऊ. पेंटा आज नाही."

"म्हणजे तान्ह्यांना काहीच नाही?" चटईवालीने विचारलं. तिच्याजवळ नातू होता, दोन महिन्यांचा.

"थेंब आहेत. सुई पुढच्या वेळी."

"पुढची वेळ कधी?"

चटईवाली मामाकडे वळली. "दोन वर्षं वाट बघायला लावून नासका माल आणलास होय रे बाबा? आणि वर सांगतोसही?" ती आणखीही बरंच बोलली. मामाने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. वीस-बावीस जणी पोरांना उचलून निघून गेल्या. ज्या थांबल्या त्यांच्या पोरांना थेंब मिळाले, त्यांतल्या मोठ्या पोरांना गोवराची सुई. बारा वाजायला दहा कमी असताना उस्तादने हॉर्न दिला.

लेक गाडीपर्यंत आली.

"चूक झाली गं पोरी."

"चूक होते बाबा. मी दारोदार फिरले होते, तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तेही जाऊ दे." तिने ठकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "एक खरं सांगा. रांगेत पहिली मी नसते, दुसरी कुणी असती, तर थांबा म्हणाला असता?"

मामा गाडीत चढला. उस्तादने गाडी सुरू केली.

परतताना साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे जिल्ह्याचे, आकडे वर पाठवणारे.

"थेंब शहाण्णव, गोवर एक्केचाळीस, पेंटा शून्य," सिस्टर म्हणाली. तिकडून साहेब बराच वेळ बोलले. पूल उघडला ही केवढी मोठी गोष्ट, वर सगळ्यांचं लक्ष आहे, शून्य कसं लिहायचं, असं काहीतरी.

"गोल काढायचा, साहेब," सिस्टरने सांगितलं आणि फोन ठेवला. मग मामाकडे न बघता म्हणाली, "वहीतलं तीन खोडा. उणे तीन लिहा आणि शेजारी सही करा."

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, समजूतही घातली नाही. "ठकी दिसायला कशी आहे?" एवढंच तिने विचारलं. मामाला चेहरा आठवेना. नात पहिल्यांदाच समोर आली होती आणि त्याने बघितला होता तो काटा.

"चष्मा ओढते," तो म्हणाला.

पूल अकरा आठवडे बंद राहिला. पाचव्या आठवड्यात वसाहतीत डांग्या खोकला आला. पेंटाच्या पाच रोगांपैकी हा एक. फोन लागला की लेक आकडे सांगायची. चार पोरं, मग नऊ, मग तेरा. ठकीही खोकत होती. फोनवर मामाला तो खोकला ऐकू आला, लागोपाठ, श्वास न घेता, आणि शेवटी लांबलचक ओढलेला आवाज. मामीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. दोन पोरं दगावली. त्यांतला एक चटईवालीचा नातू.

"एका सुईने थांबला नसता, मामा," सिस्टर म्हणाली. "तीन लागतात. आणि मेलेली लस टोचली असती तरी हेच झालं असतं, वर आयांना वाटलं असतं पोर सुरक्षित आहे."

"आणि चांगली असती तर?"

सिस्टरने भिंतीकडे बघितलं. रेघ त्या महिन्यात चौसष्टवर गेली होती, कारण वसाहत अजूनही तिच्यात धरली नव्हती.

मामाची झोप उडाली, जेवण सुटलं. दाढी करायला तो न्हाव्याकडे गेलाच नाही, त्यामुळे अर्ध्यातून उठायचाही प्रश्न आला नाही. ठकी वाचली, सहा आठवडे खोकून हडकुळी झाली पण वाचली, हे कळलं त्या दिवशी तो छपरावर जाऊन बसला. पट्ट्या पुसल्या नाहीत, नुसता बसला. मामीने खालून दोन हाका मारल्या आणि मग तिसरी मारली नाही. लेकीचा प्रश्न त्याच्या डोक्यातून हलत नव्हता. कधी वाटायचं, म्हणालो असतो थांबा. कधी वाटायचं, नसतो म्हणालो. ठाम असं कधीच वाटलं नाही.

बाराव्या आठवड्यात पूल पुन्हा उघडला. या वेळी मामाने फ्रीझरला हातच लावला नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्याने बर्फ न झालेले, नुसत्या गार पाण्याचे पॅक आठवडाभर आधीपासून ठेवले होते. जवळच्या पल्ल्याला तेही चालतात आणि त्यांनी काही गोठत नाही. हे त्याला माहीत होतं. आधीही माहीत होतं, पण उकाड्याच्या भीतीने कधी करवलं नव्हतं. चौकीवर तो स्वतःहून म्हणाला, "उघडून बघायचाय?" तोच पोरगेला सैनिक होता. त्याने आत डोकावून थर्मामीटर बघितला.

"पाच," तो म्हणाला. "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. मागच्यापेक्षा लहान, पण होती. सगळ्यांत पुढे चटईवाली उभी होती, या वेळी नात घेऊन. लेक कुठे दिसेना. मामाने चटईवालीकडे बघायचं टाळलं आणि झाकण उघडलं.

"तो ठोकळा दे इकडे," ती म्हणाली.

मामाने पॅक काढून दिला. तिने तो कानाशी धरून हलवला, डोळे मिटून ऐकला, परत दिला, आणि मग नातीचा पाय पुढे केला. मागच्या बाईनेही तेच केलं. तिच्या मागचीनेही. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. मागच्या खेपेला सिस्टर सांगत होती तेव्हा त्या ऐकत होत्या, इतकंच. एकेक जण पॅक कानाशी लावत होती आणि त्यापायी रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. उस्ताद घड्याळ दाखवत होता. कुणाला घाई करा म्हणायची मामाची छाती झाली नाही. तो दर पाच मिनिटांनी काटा बघत होता आणि आकडा मोठ्याने सांगत होता. पाच. पाच. साडेपाच. सहा.

साडेअकराला त्याला लेक दिसली. रांगेच्या अगदी शेवटी, नळापाशी, ठकी खांद्यावर झोपलेली. तिच्यापुढे अजून वीस जणी होत्या आणि डब्यात पेंटाच्या तीन बाटल्या. एका बाटलीत दहा पोरांची लस, मामाने बोटांवर हिशेब केला. पुरतील, पण वेळ पुरेल का? त्याला तिला हाक मारून पुढे बोलवावंसं वाटलं. त्याने पुढच्या बाईला पॅक दिला.

बाराला आठ कमी असताना लेक टेबलापाशी आली.

"शेवटी का उभी राहिलीस?" मामाने विचारलं. "पूल बंद झाला असता म्हणजे?"

"पहिली उभी राहिले की तुम्हाला माझी पोर दिसते," ती म्हणाली. "शेवटी उभी राहिले तर तिच्यापर्यंत पोचताना सगळ्यांची दिसतील."

मामाने पॅक पुढे केला. लेकीने तो घेतला, कानाशी धरला आणि हलवला. उस्तादने हॉर्न दिला तरी तिने घाई केली नाही.

"बोलतंय," ती म्हणाली आणि ठकीचं झबलं वर केलं. मांडीवर आता वळ्या नव्हत्या.

सुई टोचल्यावर ठकी जागी झाली आणि किंचाळून रडली. मध्येच गप्प झाली, आजोबाकडे बघितलं, आणि पुन्हा रडायला लागली. मामाने वहीत तिच्यापुढे खूण केली. ती एकशे तीन नंबरची होती. या वेळी त्याने तिचा चेहरा नीट बघून घेतला, आणि मग डबा रिकामा आहे हे माहीत असूनही काटा बघायला वळला.